गोलपोस्टाचं तोरण

दाराला तोरण सगळेच बांधतात. आमच्या नानांनी ते टेम्पोला बांधलं, विहिरीवरच्या मोटारीला बांधलं, फवारणीच्या पंपाला बांधलं, आणि फ्रिज घरी आला तेव्हा त्याच्या कपाळावर असं दणकट बांधलं की पुढचे पाच-सहा दिवस दूध काढायचं म्हणजे तोंडावर झेंडू. माझ्या दहावीच्या मार्कशीटचीसुद्धा सुटका झाली नाही. नाना म्हणजे माझे वडील. आमचा फुलांचा मळा, झेंडू हे मुख्य पीक, आणि नानांचं म्हणणं असं की फुलवाल्याच्या घरात कुठलंही काम उघड्या कपाळानं सुरू होत नसतं. आधी तोरण, मग नारळ, मग काम. हे वाचून कुणी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रक काढायला बसू नये. ते मी एकोणिसाव्या वर्षीच काढलं होतं, गुलाबी कागदावर, आणि नानांनी त्याच्या पुड्या करून मोगऱ्याच्या कळ्या बाजारात नेल्या होत्या.

आत्मकथन लिहायचं तुझं वय आहे का, असं दादानं परवाच विचारलं. नाही, वय अठ्ठावीस आहे. पण म्हातारपणाची वाट बघत बसले तर तोवर नाना ही सगळी हकिकत आपल्या सोयीनं दुरुस्त करून ठेवतील, आणि आईनं तर आत्ताच तिच्यात दादानं खाल्लेल्या पुरणाच्या मांड्यांचा आकडा वाढवलाय. म्हणून लिहून टाकते.

आमचा मळा पंचवटीच्या पलीकडे, जिथे शहर संपतं असं तेव्हा म्हणता यायचं. सकाळ व्हायची ती आवाजांनी. आधी नानांचा खोकला, मग ओलं गोणपाट झटकल्याचा फटकारा, मग भाकरी थापल्याचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी टेम्पोचं ते तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा हो म्हणणं. आई देवळ्याकडची. लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही तिनं अहिराणी सोडली नव्हती. रागात आणि लाडात तीच यायची. भाकरी, लसणाचा ठेचा आणि बांधावरची कांद्याची पात, एवढ्यावर आमची न्याहारी, आणि ती खाताना सगळ्यांचे हात पिवळे. झेंडूचा वास हाताला लागला की साबणानं जात नाही. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्याजवळ बसलं की कुणाचं तरी लग्न आहे असं वाटतं.

त्या काळात मी पत्रकं लिहायची. कॉलेजातल्या संघटनेनं मला तीन गोष्टी शिकवल्या: मथळा मोठा, वाक्य छोटं आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. मी कॅन्टीनच्या चहाविरुद्ध पत्रक काढलं. बस थांब्याला छप्पर नाही म्हणून काढलं. ग्रंथालयात मुलींना वेगळ्या बाकावर बसवतात म्हणून काढलं, आणि ते बाक हलले, हे आजही अभिमानानं सांगते. पण घरात या सगळ्याची किंमत शून्य. दादा जेवताना मीठ कमी आहे म्हणायचा आणि लगेच हात वर करून ओरडायचा, "मीठटंचाईचा जाहीर निषेध असो!" मग नाना हसायचे, आई हसायची, आणि मी ताट उचलून ओट्यावर जायची. ओट्यावर गेल्यावर मीसुद्धा हसायची, पण ते त्यांना दिसू द्यायचं नाही, हे धोरण होतं.

दादाचं नाव दिनेश. तेव्हा चोवीस वर्षांचा, ताडमाड उंच, आणि मळेकरी इलेव्हनचा गोलकीपर. मळेकरी इलेव्हन हे नाव ऐकून हसू नका. अकरातले सात जण खरोखर मळ्यातले होते. उरलेल्यांत जुन्या नाशकातला इम्रानभाई हा आमचा कॅप्टन, दिवसभर गॅरेजात गाड्यांखाली आणि संध्याकाळी मैदानावर. टीम जिल्हा लीगच्या ब गटात खेळायची. ब गट म्हणजे काय, ते एकदा सांगून ठेवते. अ गटाला सामन्याला गवत, ब गटाला माती. अ गटाला सरावासाठी मैदान ठरलेलं. ब गटाचा सराव चालू असताना कुणाच्याही हळदीचा मांडव घालायला माणसं यायची आणि म्हणायची, जरा सरका. मी यावर तीन पत्रकं काढली होती. मांडव तरीही पडत होते.

त्या वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी नाना जेवताना दादाला म्हणाले, "दिन्या, माझे गुडघे आता क्रेट उचलत नाय. तू सकाळी तोडणीला असतो, ते बरोबर हाय. पण सांजच्या बाजाराला टेम्पो न्यायच्या टायमाला तू मैदानावर. हे लय दिवस नाय चालायचं. यंदा टीम वर गेली, तर खेळ, मी एक शब्द बोलणार नाय. नाय गेली, तर बूट माळ्यावर."

दादा म्हणाला, "कबूल."

मी म्हटलं, "ही सरळसरळ दडपशाही आहे."

"तू टेम्पो नेती का?" नाना म्हणाले. "नाय ना? मग भात घे."

नानांचे गुडघे मी रोज बघत होते. जिना उतरताना ते भिंतीला हात लावून उतरायचे आणि कुणी बघितलं की भिंतीवरची धूळ पुसल्यासारखं करायचे. तरीसुद्धा टेम्पो मी न्यावा, हा विचार त्या ताटावर माझ्या डोक्यात आला नाही. दडपशाही मात्र लगेच आली.

गटात आम्ही तिसरे आलो. पहिली टीम आपोआप वर गेली आणि दुसऱ्या जागेसाठी प्ले-ऑफ. सेमी-फायनलला समोरच्या टीमच्या कोचचा मेहुणाच लाइन्समन म्हणून झेंडा घेऊन उभा होता. आम्ही तरीही जिंकलो, पण माझं डोकं तापलं ते तापलं. मी मोबाइलवर फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक उतरवून घेतलं आणि दोन दिवसांत त्यातले मला महत्त्वाचे वाटले ते नियम मराठीत आणले: धक्काबुक्की, पेनल्टी, रेफ्रीची कर्तव्यं, लाइन्समनची कर्तव्यं. मथळा दिला, 'नियमाप्रमाणे सामना हा आमचा हक्क आहे!!!' पुस्तकातला पहिला नियम मैदानाचा होता. त्यात नुसती मापं: एवढे मीटर, तेवढे सेंटिमीटर. अन्यायाचा पत्ता नाही. म्हणून मी तो वाचलाच नाही. पत्रकाची सुरुवात नियम क्रमांक पाचपासून झाली आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

फायनल निफाडच्या टीमशी होती. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, त्यामुळे त्यांची टीम पेट्यांच्या गाडीतूनच आली आणि वॉर्म-अपच्या आधी त्यांनी आमच्या पोरांना एक पेटी खायला दिली. मी इम्रानभाईला बजावलं की ही प्रतिस्पर्ध्याची चाल आहे. तो तोंड भरलेलं असताना म्हणाला, "चाल गोड आहे." रेफ्री होते जगताप सर, निवृत्त पीटी शिक्षक, गळ्यात शिट्टी आणि वरच्या खिशात घडी घालून ठेवलेलं माझं गुलाबी पत्रक. ते बघून मला जो आनंद झाला, तो मी पुढे अनेकदा आठवला आहे आणि दर वेळी कान गरम झाले आहेत.

तेवढ्यात नाना आले. खांद्यावर तोरण. मनगटाएवढं जाड, दुहेरी झेंडूचं, मधे आंब्याची पानं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून आतून बांधणीची तार. सगळी सकाळ घालवून केलेलं. ते सरळ दादाच्या गोलपोस्टाकडे गेले, इम्रानभाईच्या खांद्यावर हात ठेवून प्लास्टिकच्या स्टुलावर चढले आणि आडव्या दांडीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तोरण बांधलं, मग खाली उतरून नारळ फोडले. दांडीच्या खाली चांगलं वीतभर लोंबत होतं. जगताप सरांनी विचारलं, "नाना, हे काढायचं का?" नाना म्हणाले, "देवाचं हाय, सर." सरांनी टोपी काढली, तोरणाला नमस्कार केला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि शिट्टी वाजवायला गेले. निफाडच्या पोरांनीसुद्धा नमस्कार केला. तिथल्या दोनेकशे माणसांतल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही, आणि त्यात नियमांचं पत्रक काढणारीही होती.

पहिला अर्धा तास मातीच मातीवर लढत होती. मग निफाडच्या नऊ नंबरनं लांबून एक फटका मारला. बॉल दादाच्या पंज्यांवरून गेला, दांडीच्या खाली शिरला, आणि थप असा ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा आवाज आला. तोरणाला लागून बॉल सरळ खाली आला, दादाच्या हातात. वर झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. आमची माणसं नाचायला लागली. नाना हात जोडून उभे. निफाडची सगळी टीम जगताप सरांभोवती.

"सर, गोल होता! फुलांनी अडवला!"

सर गोंधळले. त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं, उलटंसुलटं केलं, त्यात तोरण सापडेना. मग त्यांनी मलाच हाक मारली. "अहो ताई, तुम्ही नियम वाचलेत. काय म्हणतं पुस्तक?"

मी रेषेपर्यंत गेले. दादा बॉल पोटाशी धरून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "गोलपोस्टाला बांधलेली वस्तू हा गोलपोस्टाचाच भाग धरला जातो."

"नियम कितवा?"

"पहिला," मी म्हटलं.

एवढ्या ठाम आवाजात मी खरं असलेलं काही आजवर बोललेले नाही. सरांनी मान हलवली, खेळ पुढे सुरू. दादानं जाताजाता मला डोळा मारला. मी मनात म्हटलं, अन्यायाला अन्यायानं उत्तर. पण निफाडनं आमच्यावर कसला अन्याय केला होता, हे विचाराल तर द्राक्षं सोडून दुसरं काही सांगता यायचं नाही.

हाफ टाइमला बाजू बदलल्या. गोष्ट किती साधी आहे. फुटबॉलमध्ये बाजू बदलतात हे शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि तरी नाना रिकाम्या नारळाच्या कवट्या गोळा करत असताना इम्रानभाई धावत आला तोवर आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. "अरे, तोरण आता त्यांच्याकडे गेलं ना! काढा ते!"

नाना स्टूल घेऊन निघाले. निफाडचा गोलकीपर हातमोजे चढवत होता. अदबीनं बोलणारा मुलगा. म्हणाला, "काका, राहू द्या. ताईंनी सांगितलंय, गोलपोस्टाचा भाग आहे. भाग कसा काढता येईल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जगताप सर म्हणाले, "बरोबर आहे. पहिलाच नियम आहे." नाना स्टुलाचा पाय मातीत टोकरत म्हणाले, "राहू दे मग. शोभतंय पण." मी बोलू शकले असते. आत्ता या क्षणीसुद्धा मला ते वाक्य येतं: सर, मी तो नियम वाचलेला नाही. सहा शब्द. पत्रकाच्या मापात बसणारे. मी बोलले नाही.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती आणि गोल कुणाचाच नव्हता. इम्रानभाईनं मधल्या रेषेजवळून बॉल घेतला, दोघांना चुकवलं, आणि त्या अदबशीर गोलकीपरच्या डोक्यावरून इतका सुंदर उचलला की आमच्यातल्या काहींनी बॉल पोचायच्या आधीच टोप्या उडवल्या. थप. तोच आवाज. बॉल खाली पडला, गोलकीपरनं उचलून लांब फेकला, आणि आमची सगळी टीम अजून झेंडूकडे बघत असताना नऊ नंबर एकटा दादासमोर होता. या बाजूला तोरण नव्हतं, आणि असतं तरी उपयोग नव्हता. बॉल जमिनीलगत गेला. दादा डावीकडे पूर्ण लांब झोपला होता, बोटं बॉलला लागली होती, आणि तो तसाच मातीत तोंड घालून पडून राहिला. निफाड अ गटात गेलं. नाचत आधी आमच्याकडे आले, सगळ्यांना मिठ्या मारल्या, उरलेल्या दोन पेट्या ठेवून गेले. एवढे सज्जन प्रतिस्पर्धी असल्यावर निषेध कुणाचा करायचा?

घरी आईनं मांडे केले होते. जिंकणारच म्हणून नव्हे, असं तिचं म्हणणं. पुरण शिजत ठेवलं होतं, खापर तापलं होतं, मग करून टाकले. आमचे चेहरे बघून तिनं विचारलं, "काय व्हयनं?" "हारनात का जिकनात, पोट ते शेच ना," ती म्हणाली, म्हणजे पोट तर आहेच, आणि ताटं मांडली. दादा तीन मांडे जेवला. आई हल्ली पाच सांगते. मग त्यानं हात धुतले, खुर्चीवर चढला आणि बूट माळ्यावर ठेवले, नाडीला नाडी बांधून, जुन्या मिक्सरशेजारी. मी खोलीत जाऊन मोबाइलवर पहिला नियम उघडला. मापांच्या मधोमध स्वच्छ लिहिलं होतं. रेफ्रीनं सामन्याआधी तोरण उतरवायलाच हवं होतं. आणि बाहेरची वस्तू बॉलला आडवी आली, तर खेळ थांबवून बॉल जमिनीवर टाकून नव्याने सुरू करायचा. दोन्ही वेळा. त्यांच्याही फटक्याला आणि आपल्याही. आपल्या वेळी खेळ थांबला असता, तर नऊ नंबर कुठे पळणार होता?

सकाळी दादा सगळ्यांच्या आधी तोडणीला गेला होता. तो न्याहारीला आला तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वाचला नव्हता. अंदाजानं बोलले. शेवटचा गोल माझ्यामुळे गेला.

दादा भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आता तुझ्याविरुद्ध पत्रक कोण काढणार?" आणि मला रडू आलं. नाना ठेच्यात भाकरी बुडवून तशीच धरून बसले होते.

"म्हंजे तोरण बांधायलाच नको होतं?" ते म्हणाले.

"नको होतं, नाना."

"मग चूक माझी."

"माझी जास्त."

"तुझी जास्त हाय, ते मी कुठं नाय म्हणतो. पण तोरण माझं." त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले, पुन्हा विचार केला. "मग हे वर्ष धरायचं नाय. दिन्या, बूट काढ खाली. मिक्सर पाडू नको."

"अन् टेम्पो?" दादा म्हणाला.

माझ्या ताटात भात नव्हता, त्यामुळे भात घे असं कुणी म्हणण्याआधीच मी म्हटलं, "टेम्पो मी नेते." आई हसायला लागली ती थांबेचना. मला स्कूटीसुद्धा धड वळवता येत नव्हती. पहिला महिना नाना शेजारी बसून दर वळणावर देवाचं नाव घेत होते. आता फूलबाजारात माझी जागा ठरलेली आहे, आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर पत्रकं चिकटवायला चांगली मोठी जागा मिळते, हे त्यातलं खरं सुख.

त्याच आठवड्यात मी एक शुद्धिपत्रक काढलं. माझ्या हातून निघालेलं उद्गारचिन्ह नसलेलं ते एकमेव पत्रक. दोन परिच्छेद: नियम असा आहे, मी तसा सांगितला, त्याचा फटका आधी निफाडला आणि मग आम्हाला बसला, सर्वांची माफी. जगताप सरांनी ते मैदानाच्या फळ्यावर लावलं आणि शेजारी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मीही वाचला नव्हता.' निफाडच्या गोलकीपरला एक प्रत पाठवली. उत्तर म्हणून द्राक्षांची पेटी आली, आणि पेटीवर चिठ्ठी: 'ताई, आम्हीही वाचला नव्हता. पण तुमचा आवाज भारी होता.'

पुढच्या वर्षी आम्ही सेमीला हरलो. नाना म्हणाले, ऊन लय होतं, हे वर्ष धरायचं नाय. त्याच्या पुढच्या वर्षी इम्रानभाईचा पाय दुखावला. तेही धरलं नाही. नंतर एकदा फायनलला पेनल्टीवर हरलो. नाना म्हणाले, पेनल्टी म्हणजे काय खेळ झाला का? दादानं यावर एकदाही काही विचारलं नाही. रोज तोडणी करायचा, संध्याकाळी बूट घालायचा. मी टेम्पो नेत होते, आणि सामन्याला निघताना नाना दर वेळी विचारायचे, "मने, नियमात बघ, तोरण कुठं चालतं?" मी सांगायची, मैदानाबाहेर कुठंही. मग ते पाण्याच्या ड्रमला बांधायचे, जिथे दोन्ही टीम येऊन पाणी पितात.

आम्ही वर गेलो त्या दिवशी नाना ड्रमशेजारी खुर्चीवर होते, गुडघ्यांवर हात ठेवून. दादाच्या अंगावर सगळी टीम पडली होती आणि त्या ढिगातून त्याचा फक्त एक हातमोजा दिसत होता. मी धावत नानांकडे गेले. ते माझ्याकडे बघतच नव्हते, त्या हातमोज्याकडे बघत होते.

"मने," ते म्हणाले, "लिही. हे वर्ष धरायचं."

"गुलाबी कागदावर?"

"गुलाबी कागदावर. आन् ती तुझी चिन्हं घाल शेवटी."

"किती घालू?"

नानांनी ड्रमवरचं एक फूल तोडून माझ्या हातात दिलं. "लागतील तेवढी," ते म्हणाले.